कोंबडीचा फो घरी, आणि त्याचा पाला गॅलरीतल्या कुंड्यांत

घरी केलेला फो, म्हणजे रश्शातल्या तांदळाच्या नूडल्सचा व्हिएतनामी वाडगा, फिका पडतो, तो बहुतेक वेळा रश्शामुळे नाही. रस्सा तीन तासांत कोणालाही जमतो. अडतं ते वरून घालायच्या कच्च्या पाल्यापाशी. थाई बेसिल बाजारात मिळत नाही, मिळाली तर फ्रिजमध्ये काळवंडलेली असते. लांब पानाची काटेरी कोथिंबीर विकायला दिसतच नाही. मूग मोडाच्या जागी उसळीचे आखूड मोड पडतात. म्हणून या लेखाचा क्रम उलटा ठेवला आहे: आधी कुंड्या, मग पातेलं. बी पेरल्यापासून पहिल्या वाडग्यापर्यंत साधारण आठ आठवडे धरा.

फो हा मूळचा उत्तर व्हिएतनामचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नाम दिन्ह आणि हनोई या पट्ट्यात तो आकाराला आला. १९५४ मध्ये देशाचे दोन भाग झाल्यावर उत्तरेतून लाखो लोक दक्षिणेत गेले आणि त्यांच्याबरोबर फोही गेला. हनोईतल्या वाडग्यात कांद्याची पात, थोडी कोथिंबीर आणि सोबत लसूण-मिरची मुरवलेलं व्हिनेगर एवढंच असतं. दक्षिणेत मात्र बाजूला पाल्याचं भरलेलं ताट, मूग मोड, लिंबू आणि होइसिन, म्हणजे सोयाबीनचा दाट गोडसर सॉस येतो. इथे दिलेला रस्सा उत्तरेच्या वळणाचा, म्हणजे स्वच्छ आणि कमी गोड आहे. ताट दक्षिणेचं आहे.

कोंबडी निवडायचं कारण सरळ आहे. महाराष्ट्रात गाय-बैलाच्या मांसावर २०१५ पासून बंदी आहे, आणि कोंबडीचा फो, म्हणजे फो गा, ही काही तडजोड नव्हे. १९३९ च्या सुमारास हनोईत सोमवारी आणि शुक्रवारी गोमांसविक्री बंद असे आणि त्या दिवसांत कोंबडीचा फो रुजला, असं सांगितलं जातं. आज त्याची स्वतंत्र दुकानं आहेत.

कुंड्यांची माती

सगळ्या रोपांना एकच मिश्रण चालतं: ४ भाग बागेची माती, ३ भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, ३ भाग कोकोपीट. दहा लिटर मिश्रणाला एक मूठ निंबोळी पेंड घाला. नुसती लाल माती भरली तर आठवड्याभरात ती वर कडक होते आणि पाणी कडेने वाहून जातं. कुंडीचं भोक खापरीच्या तुकड्याने झाका, बंद करू नका. पावसाळ्यात खालची ताटली काढून ठेवायची. इथली निम्मी रोपं उन्हाने नाही, साचलेल्या पाण्याने मरतात.

जागा एकाच कुंडीपुरती असेल तर बेसिल लावा. दुसरी कुंडी काटेरी कोथिंबिरीची. पुदिना आणि पात नंतर, कारण ती मंडईत रोज मिळतात.

थाई बेसिल

खोड जांभळं, पान टोकदार, वास बडीशेपेसारखा गोडसर. बी मिळालं नाही तर घरातला सब्जा पेरून बघा. सब्जा आणि थाई बेसिल या एकाच जातीच्या वनस्पती आहेत, वाण वेगळे. वाण्याकडच्या सब्जाला वास कसा येईल याची खात्री नसते. कधी बडीशेपेकडे झुकतो, कधी लवंग-लिंबाकडे. त्यामुळे वीसेक रोपं उगवू द्या, चार पानं आली की एकेक पान चुरून हुंगा आणि सगळ्यात जवळची दोन-तीन ठेवा. अंगणातली तुळस मात्र फोत घालायची नाही. ती वेगळी जात आहे आणि तिच्या लवंगी वासाखाली रस्सा दबतो.

बी मातीवर पसरा, वरून मातीचा जेमतेम थर द्या, पाणी फवारूनच घाला. बी भिजलं की त्याभोवती बुळबुळीत आवरण येतं. झारीने पाणी ओतलं तर सगळं एका कोपऱ्यात गोळा होतं. पाच ते आठ दिवसांत उगवतं. रोप १५ सेंटिमीटरचं झालं की तिसऱ्या-चौथ्या पानांच्या जोडीच्या वर शेंडा खुडा. तिथून दोन फांद्या फुटतात. त्या वाढल्या की त्यांचेही शेंडे खुडा. तोडणी नेहमी अशी शेंड्याची करायची. खालची मोठी पानं ओरबाडली तर रोप काठीसारखं उंच वाढतं आणि लवकर संपतं. मंजिऱ्या दिसल्या की त्याच दिवशी काढा. बी धरू लागलं की नवी पानं बारीक आणि तुरट येतात.

एका रोपाला २५ सेंटिमीटरची कुंडी आणि दिवसाला पाच-सहा तास ऊन लागतं. पावसाळ्यात पानं वरून शिरांमध्ये पिवळी आणि खालून करड्या बुरशीने भरलेली दिसली तर तो केवडा नावाचा रोग. फवारणी करत बसू नका. रोप उपटून टाका आणि सप्टेंबरच्या शेवटी नव्याने लावा. पावसाळ्याआधीच दहा सेंटिमीटरच्या चार छाटी घरात पाण्याच्या ग्लासात ठेवल्या तर दहा दिवसांत मुळं सुटतात आणि वाण हातातून जात नाही.

काटेरी कोथिंबीर

व्हिएतनाममध्ये हिला न्गो गाय म्हणतात. पान बोटभर ते वीतभर लांब, कडा करवतीसारख्या, वास कोथिंबिरीचाच पण कितीतरी उग्र. आसाम, मणिपूर, मिझोराम इथे ती रोजच्या स्वयंपाकात असते. आसामात तिला मान धनिया म्हणतात. मोठ्या शहरांत ईशान्येकडच्या लोकांसाठी चालणाऱ्या दुकानांत जुडी मिळू शकते. मुळासकट असेल तर पानं वापरा आणि मधला गड्डा मातीत रोवा.

बी धुळीइतकं बारीक असतं. मातीवर शिंपडा, झाकू नका, आणि तीन-चार आठवडे माती सुकू देऊ नका. कुंडीवर सैलसर प्लास्टिक टाकलं तर ओल टिकते. याच टप्प्यावर लोक कंटाळून कुंडी रिकामी करतात. उगवल्यावर हिला सावली द्या, सकाळचं दोन-तीन तासांचं ऊन पुरे. भर उन्हात ठेवली की मधून काटेरी तुरा येतो आणि पानं राठ होतात. तुरा दिसताच बुडापासून कापा. बाहेरची पानं कापत राहिलं की आतून नवी येत राहतात.

पुदिना, पात, साधी कोथिंबीर

पुदिन्याला बी नको. मंडईतल्या जुडीतल्या जाड काड्या घ्या, खालची पानं काढा आणि दोन पेरं मातीत जातील अशा तिरक्या खोचा. कुंडी स्वतंत्रच हवी, शेजारी काहीही लावलं तरी तो ते गिळून टाकतो. पातीच्या कांद्यांची मुळं आणि वरचा तीन सेंटिमीटर पांढरा भाग मातीत रोवा, दोन आठवड्यांत कापण्याजोगी पात येते. तीन कापण्यांनंतर चव उतरते, तेव्हा बदला. कोथिंबीर ऑक्टोबर ते फेब्रुवारीत लावा. उन्हाळ्यात ती महिन्याभरात फुलावर जाते. धणे लाटण्याने हलके रगडून दोन भाग करायचे, रात्रभर भिजवायचे, आणि जिथे वाढवायची तिथेच पेरायचे. उपटून दुसरीकडे लावली तर ती रुसते.

व्हिएतनामी लोक कोंबडीबरोबर राउ राम नावाचा आणखी एक पाला खातात, तिखट आणि मिरमिरीत. ऑनलाइन रोपवाटिकेत मिळाला तर एक काडी पुरते. पाण्यात आठवड्याभरात मुळं धरते, ओल्या मातीत बेफाम वाढते. नाही मिळाला तर अडत नाही.

गवती चहा, जाड बुंध्याचा

फोत हा लागत नाही, पण खाली दिलेल्या कोरड्या वाडग्याला लागतो. आपण चहासाठी पानं कापतो, व्हिएतनाममध्ये बुंध्याचा खालचा पांढरा दहा सेंटिमीटर भाग वापरतात. आपल्याकडच्या ठोंबात हा बुंधा पेन्सिलीएवढाच राहतो, कारण कुंडीत गर्दी होते आणि पानं सतत छाटली जातात. जूनमध्ये ठोंब उपटून सुटा करा. ४० सेंटिमीटरच्या कुंडीत तीनच फुटवे लावा, महिन्याला दोन मुठी गांडूळखत द्या, बुडाशी माती चढवत जा, आणि नोव्हेंबरपर्यंत पानांना हात लावू नका. मग बोटाएवढे बुंधे मिळतात. ते कापायचे नाहीत, बाजूला पिळून मुळापासून सोडवायचे.

किडीबद्दल थोडक्यात. बेसिलवर पिठ्या ढेकूण आणि पुदिन्यावर मावा हे नेहमीचे पाहुणे. आधी पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या खालून मारा. तेवढ्याने भागलं नाही तर एक लिटर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि २ मिली द्रव साबण, संध्याकाळी. हा पाला कच्चा खायचा आहे, त्यामुळे फवारल्यावर आठवडाभर तोडू नका. रासायनिक कीटकनाशक या कुंड्यांजवळ आणूच नका.

लांब मोड

मोड आणणं मराठी घराला शिकवायला नको, पण फोचे मोड वेगळे. पाच-सहा सेंटिमीटर लांब, जाड, पांढरे आणि कुरकुरीत. त्याला तीन गोष्टी लागतात: अंधार, वजन आणि वारंवार पाणी. उजेडात मोड हिरवे आणि कडवट होतात. वजनाखाली दाबले गेले की ते लांबट किडकिडीत न होता जाड होतात. पाणी ओलीसाठी तर लागतंच, शिवाय रुजणारे मूग स्वतः गरम होतात आणि ती उष्णता पाण्याने निघते.

५० ग्रॅम मूग आठ तास भिजवा. एक लिटरच्या डब्याला तळाशी वीसेक भोकं पाडा, ओलं सुती कापड अंथरा, मूग पसरा, वर दुसरं ओलं कापड, त्यावर आत बसेल अशी ताटली आणि तिच्यावर पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली. डबा बादलीत ठेवून वर झाकण घाला. दिवसातून चार वेळा बाटली उचलून कापडावरूनच अर्धा लिटर पाणी ओता आणि पूर्ण निथळू द्या. मूग ढवळायचे नाहीत. उन्हाळ्यात साडेतीन दिवसांत, थंडीत पाच दिवसांत तयार. आंबूस वास आणि चिकटपणा आला तर पाणी तळाशी साचतंय, भोकं वाढवा आणि ती खेप टाकून द्या. तयार मोड पाण्यात घोळवले की सालं वर तरंगतात. वाढण्याआधी २० सेकंद उकळत्या पाण्यात बुडवा. कच्च्या मोडांत जंतू वाढलेले असू शकतात, आणि एवढ्या उकळीने कुरकुरीतपणा जात नाही.

रस्सा: चार वाडगे

एक कोंबडी, स्वच्छ केल्यावर १.२ ते १.३ किलोची. आपल्याकडे दुकानदार कोंबडी सोलून देतो. ‘कातडीसकट, फक्त पिसं काढून, अख्खी’ असं आधी सांगावं लागतं. सोललेलीही चालते, पण रश्शावर तरंगणारे पिवळे थेंब आणि अर्धा वास कातडीखालच्या चरबीतून येतो. जोडीला अर्धा किलो पाय, मान, पाठीची हाडं. पायांतल्या जिलेटिनमुळे रश्शाला अंग येतं. पाय घालायला जीव होत नसेल तर पंख दुप्पट घाला.

बाकीचं: कांदे २ (३०० ग्रॅम), आलं ८० ग्रॅम, धणे २ मोठे चमचे, बादियान २ फुलं, दालचिनी ५ सेंटिमीटर, लवंगा ३, खडीसाखर २० ग्रॅम, मीठ २ छोटे चमचे, फिश सॉस ३ मोठे चमचे, पाणी साडेतीन लिटर. पातेलं सात-आठ लिटरचं हवं. मसाल्यात धणे पुढे असले पाहिजेत. कोंबडीच्या फोत बादियान आणि दालचिनी वाढवली की बिर्याणीचा वास येऊ लागतो. मसाला वेलची गोमांसाच्या फोत शोभते, इथे नको. खडीसाखर मात्र तंतोतंत तीच, व्हिएतनाममध्येही खडीसाखरच घालतात. गूळ नको, रंग आणि वास दोन्ही बिघडतात.

फिश सॉस म्हणजे मीठ घालून महिनोन्‌महिने मुरवलेल्या, मांदेलीच्या कुळातल्या छोट्या माशांचा निथळ. फु क्वॉक बेटाचा सगळ्यांत नावाजलेला. २०१२ मध्ये युरोपीय संघाने त्याच्या नावाला संरक्षण दिलं. बाटली घेताना मागची यादी वाचा: मासे, मीठ, फार तर साखर. बाकी काही असेल तर परत ठेवा. बाटलीवर ३५ किंवा ४० अंश असं लिहिलेलं असेल तर ते तपमान नव्हे, नत्राचं प्रमाण. आकडा जितका मोठा तितका सॉस दाट चवीचा.

आता कृती. सुटी हाडं आणि पाय गार पाण्यात घालून मोठ्या आचेवर पाच मिनिटं खळाळून उकळा. करडा फेस येईल. ते पाणी ओतून द्या, हाडं नळाखाली चोळून धुवा, पातेलंही घासा. ही पायरी गाळली तर पुढे तासभर मळी काढत बसावं लागतं आणि रस्सा तरी गढूळच राहतो.

कांदे सालीसकट आणि आलं अख्खं गॅसच्या ज्योतीवर ठेवा. भरताचं वांगं भाजतो तसं, साल काळी पडून आत मऊ लागेपर्यंत. कांद्याला दहा-बारा मिनिटं लागतात. काळी साल पाण्याखाली काढून टाका, नाहीतर रस्सा कडवट आणि राखट होतो.

धुतलेली हाडं, अख्खी कोंबडी (छाती खाली), कांदे, आलं, मीठ, खडीसाखर आणि गार पाणी एकत्र करून आच लावा. उकळी फुटली रे फुटली की आच इतकी कमी करा की दर सेकंदाला एखादा बुडबुडा वर येईल. झाकण नको. खळाळत ठेवलं तर चरबी बारीक कणांत फुटून पाण्यात मिसळते आणि रस्सा दुधट होतो. एकदा तसं झालं की गाळूनही उपयोग नाही.

तीस मिनिटांनी आच बंद करून झाकण ठेवा, आणखी १५ मिनिटांनी कोंबडी बाहेर काढा. मांडीच्या जाड भागात थर्मामीटरने ७४ अंश सेल्सिअस दिसायला हवेत. थर्मामीटर नसेल तर मांडीत सुरी खुपसा, गुलाबी पाणी आलं तर पुन्हा दहा मिनिटं आत. नंतर लगेच बर्फाच्या पाण्यात दहा मिनिटं. कातडी ताणून घट्ट होते आणि शिजणं तिथेच थांबतं. असं न केल्यास छातीचं मांस कापेपर्यंत भुसभुशीत झालेलं असतं. हे वेळापत्रक ब्रॉयलरचं आहे. गावठी कोंबडीचा रस्सा जास्त रुचकर होतो, पण तिला तासाच्या वर लागतो आणि मांस चिवटच राहतं. ते पातळ काप करून वाढायचं.

मांस मोठ्या तुकड्यांत सोडवून झाकून ठेवा. सांगाडा परत पातेल्यात घाला आणि त्याच मंद आचेवर दीड ते दोन तास ठेवा. शेवटची चाळीस मिनिटं राहिली की मसाले मंद आचेवर दोन मिनिटं कोरडे भाजून, मलमलीत पुरचुंडी बांधून सोडा. सुरुवातीपासून टाकले तर लवंग सगळ्यांवर कुरघोडी करते. गाळून सव्वादोन लिटरच्या आसपास रस्सा निघाला पाहिजे. कमी असेल तर उकळतं पाणी घाला. फिश सॉस आता घालायचा, आच बंद केल्यावर. चव घ्या: नुसता प्यायला रस्सा किंचित खारट लागला पाहिजे. नूडल्स, मोड आणि मांस अळणी असतात. इथे बरोबर लागणारा रस्सा वाडग्यात फिका लागतो.

घाई असेल तर कोंबडी शिजवून काढल्यावरचा भाग कुकरमध्ये करा: शिट्टी आल्यावर मंद आचेवर ४० मिनिटं. पण वाफ आपोआप जिरू द्या. शिट्टी उचलून वाफ काढली की आतलं पाणी एकदम खळाळतं आणि जपलेली नितळता क्षणात जाते.

नूडल्स

लागतात त्या तांदळाच्या चपट्या, ३ मिलिमीटर रुंद. पाकिटावर तांदूळ आणि पाणी एवढंच असावं, थोडं टॅपिओका चालतं. हक्का नूडल्स मैद्याच्या असतात, त्या इथे अजिबात नको. दहा मिलिमीटरच्या रुंद पट्ट्या परतण्यासाठी असतात. माणशी ९० ग्रॅम कोरड्या.

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. कोरड्या नूडल्स थेट उकळत्या पाण्यात टाकल्या की बाहेरचा पिठूळ भाग चटकन शिजून लगदा होतो आणि आत कणी राहते, कारण पाणी आत पोचायला वेळ मिळालेला नसतो. म्हणून आधी साध्या गार पाण्यात ३० ते ४० मिनिटं भिजवा. पारदर्शक काड्या पांढऱ्या आणि लवचीक झाल्या, बोटाभोवती न मोडता गुंडाळता आल्या की पुरे. मग वाढायच्या क्षणी, एकेका वाडग्यापुरत्या, गाळण्यात घेऊन वेगळ्या पातेल्यातल्या खळाळत्या पाण्यात २० ते ३० सेकंद बुडवा, झटका आणि वाडग्यात टाका. रश्शात शिजवू नका. पिठाने तो घट्ट आणि गढूळ होतो.

वाडगा

मांडणी आधी, उकळणं नंतर. एक कांदा कागदासारखा पातळ चिरून दहा मिनिटं गार पाण्यात. पात आणि साधी कोथिंबीर बारीक चिरून. ताटात बेसिल आणि पुदिना अख्ख्या डहाळ्यांनी, काटेरी कोथिंबीर, मोड, लिंबाच्या फोडी, लवंगी मिरचीच्या चकत्या. पाला पिण्याच्या पाण्याने तीनदा धुऊन कापडावर कोरडा करा. ओल्या पानांतलं पाणी रस्सा पातळ करतं.

वाडगे मोठे, लिटरभर मावेल असे, उकळत्या पाण्याने तापवून घ्या. नूडल्स, वर कोंबडी, कांदा, पात, कोथिंबीर, आणि मग खळाळता रस्सा, अर्धा लिटर. हीच एक वेळ आहे जेव्हा रस्सा खळाळायला हवा. गार मांस आणि नूडल्स त्यानेच तापतात. वरून रश्शावरची चरबी चमचाभर.

खाणाऱ्याने आधी नुसता रस्सा प्यावा, मग बेसिलची पानं फाडून टाकावीत, थोडी-थोडी, खाता-खाता. एकदम सगळी टाकली तर शेवटाला काळी लिबलिबीत होतात. होइसिन सॉस छोट्या वाटीत द्या, मांस बुडवून खायला. तो रश्शात पिळण्याची पद्धत दक्षिणेत आहे, पण तीन तास जपलेला रस्सा त्याने सॉसच्याच चवीचा होतो.

शाकाहारी रस्सा

तीन लिटर पाण्यात मुळा ३०० ग्रॅम, गाजर २०० ग्रॅम, भाजलेले कांदे २, आलं, सुके शिताके मशरूम ८, आणि दाणे काढलेल्या मक्याच्या कणसाची दोन बुरकुंडं. गोडवा त्यांच्यातून फार छान येतो. सगळं मिळून एक तास, जास्त नाही. मसाले तेच, शेवटच्या २५ मिनिटांना. कोबी घालायचा तर शेवटची वीस मिनिटंच, नाहीतर गंधकाचा वास सुटतो. फिश सॉसऐवजी फिका सोया सॉस २ मोठे चमचे आणि उरलेला खारेपणा मिठाने. सोयानेच खारट करायला गेलात तर रस्सा काळा होतो. वर तळलेला टोफू आणि तेच मशरूम कापून. पनीर गरम रश्शात चव सोडत नाही आणि चव घेतही नाही, तो टाळा.

उन्हाळ्यातला कोरडा वाडगा

एप्रिल-मेमध्ये गरम रस्सा कोणालाच नको असतो, पण पाला तर असतो. तेव्हा बुन, म्हणजे तांदळाच्या गोल बारीक शेवयांचा गार वाडगा करा. कोरड्या शेवया पाकिटावरच्या वेळेप्रमाणे उकळून, गार पाण्याखाली चोळून धुवा आणि गाळणीत पंधरा मिनिटं निथळू द्या. कोकणातले ताजे शिरवाळेही इथे बसतात. बुन अधिक लवचीक असतो, शिरवाळे मऊ आणि आखूड तुटतात, त्यामुळे ते न कालवता वरून सॉस घालून खा.

कोंबडीच्या मांडीचे बिनहाडाचे तुकडे ४०० ग्रॅम, गवती चहाच्या बुंध्याचा पांढरा भाग अगदी बारीक चिरून ३ मोठे चमचे, लसूण ३ पाकळ्या, फिश सॉस दीड मोठा चमचा, साखर १, तेल १. तासभर मुरवून कडक तापलेल्या बिडाच्या तव्यावर, एका वेळी थोडे तुकडे. गर्दी केली की पाणी सुटून वाफवल्यासारखे होतात. गवती चहा जाड चिरला तर दातात काड्या येतात, त्यामुळे आधी बत्त्याने ठेचून मगच चिरा.

वरचा सॉस, नुओक चाम: कोमट पाणी १० मोठे चमचे, त्यात साखर ३ विरघळवा, मग लिंबाचा रस ३, मग फिश सॉस ३, आणि सगळ्यात शेवटी चिरलेला लसूण आणि मिरची. क्रम असाच ठेवला की लसूण-मिरची वर तरंगते, आधी टाकली तर तळाशी बसते. वाडग्यात खाली काकडी, मोड आणि फाडलेला पाला, त्यावर शेवया, कोंबडी, भाजलेल्या दाण्यांचं जाडसर कूट. मग ४ मोठे चमचे कडकडीत तेल अर्धी वाटी चिरलेल्या पातीवर ओतून तो तडका वरून घाला.

उरलंसुरलं

रस्सा फ्रिजमध्ये तीन दिवस, फ्रीझरमध्ये तीन महिने टिकतो. फिश सॉस न घालता, निम्मा आटवून, डब्यांत भरा आणि वापरताना तेवढंच पाणी घाला. उरलेल्या नूडल्स रश्शात ठेवू नका, सकाळी पेज झालेली असते. भिजवलेल्या पण न उकळलेल्या नूडल्स निथळून बंद डब्यात दोन दिवस राहतात. बेसिल फ्रिजमध्ये काळी पडते, ती ओट्यावर पाण्याच्या ग्लासात ठेवा. काटेरी कोथिंबीर आणि पुदिना ओलसर कापडात गुंडाळून फ्रिजमध्ये आठवडाभर राहतात. मोड पाण्यात बुडवून ठेवले आणि रोज पाणी बदललं तर तीन दिवस.